म्हशीच्या सवयीचं हेल्मेट

मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. गाडी तर शिकवतेच, शिवाय शिकाऊ लायसनच्या परीक्षेआधी नियमांचा तासही घेते. कोल्हापुरात नियम शिकवायचे म्हणजे आधी लोकांचं हसणं पचवायची तयारी पाहिजे. आमच्याकडं हेल्मेटसक्ती येणार अशी नुसती कुणकुण लागली, की हेल्मेट विकत घ्यायच्या आधी विरोधाची समिती तयार होते. चौकात भाषणं होतात, मोर्चा निघतो, आणि मोर्चाला सगळे मोटरसायकलवरून येतात, बोडक्या डोक्यानं. परवा वर्गात एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, आमच्या डोक्याची काळजी आम्ही करतो की. सरकारला काय पडलंय?" मी म्हटलं, "करताय न्हवं? मग झाकून करा." वर्ग खो खो हसला. मी नाही हसले. हेल्मेटवर विनोद झाला की मला आता हसू येत नाही, कारण त्याचं उत्तर माझ्या घराच्या कट्ट्यावर बसलेलं असतं. माझा धाकटा दीर.

माझं माहेर गडहिंग्लजचं. लग्न होऊन आले ती थेट कोल्हापुरातल्या गवळ्याच्या घरात. पुढं कट्टा, मधे चिंचोळा बोळ, मागं गोठा, आणि सगळ्या घराला दुधाचा आणि शेणाचा मिळून येणारा एक वास. सासरे आधीच गेलेले. घरात सासूबाई, माझा नवरा आणि हा दीर. दुधाचा धंदा नवरा बघायचा, म्हशी दीर बघायचा. सासऱ्यांच्या मागं थोरल्यानंच धाकट्याला वाढवलेलं, त्यामुळं दादा म्हणेल ती पूर्वदिशा. माझ्याशी मात्र त्याचं उभं भांडण. एरवी मला 'वहिनी' म्हणायचा, चिडवायचं असलं की 'आरटीओ'. मी कामावरून आले की गोठ्यातून ओरडायचा, "आरटीओ आलं गं आई, कागदपत्रं लपीव!" मीही सोडायची नाही. त्याला समोर बसवून नियम विचारायची. "चौकात आधी कुणाला जाऊ द्यायचं?" की तो गंभीर तोंड करून सांगायचा, "म्हशीला." गाढव कुठला!

आता म्हशीचं सांगायला हवं, कारण कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. म्हैस भादरून, धुऊन, तेल लावून चकचकीत करायची. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात तोडे. मग मालकानं मोटरसायकल काढायची, सायलेन्सरची पुंगळी काढून, म्हणजे आवाज थेट पन्हाळ्यापर्यंत जावा. पुढं गाडी आणि मागं म्हैस. ना दावं, ना कासरा. त्या आवाजामागं आणि मालकाच्या हाकेमागं ती शेपूट वर करून पळत सुटते, आणि दोन्ही बाजूंची गर्दी शिट्ट्या मारते. मालक पुढं कमी बघतो आणि मागं जास्त. मागं वळून तोंड दाखवून हाक मारल्याशिवाय म्हैस येत नाही.

माझ्या धंद्याच्या नजरेनं बघायचं तर त्या एका दृश्यात निम्मं पुस्तक मोडलेलं असतं. सायलेन्सर बदललेला, डोक्यावर काही नाही, नजर रस्त्यावर नाही. पण खोटं कशाला बोलू? लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला आमची म्हैस दिरामागं धावत आलेली बघितली आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढं जडशीळ जनावर, आणि एका माणसाच्या आवाजाला एवढं धरून! मी पण शिट्टी मारली. सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका.

पाडवा वर्षातून एकदा. काळजी होती ती रोजची. कारण म्हशीची सवय मोडू नये म्हणून दीर रोज सकाळी तिला गाडीमागं घेऊनच नदीवर धुवायला न्यायचा आणि तसाच परत आणायचा. सकाळची वेळ म्हणजे शाळेच्या रिक्षा, पेपरवाल्यांच्या सायकली, दुधाच्या गाड्या, आणि या सगळ्यांतून हा महाराजा मान मागं वळवून चाललाय. किती वेळा सांगितलं, निदान डोक्याला तरी काही घाल. एके दिवशी तो थट्टा सोडून म्हणाला, "वहिनी, मी घालीन वो. पण म्हैस मला वळखणार न्हाय."

मला वाटलं, झाली नवी सबब. आजवर हेल्मेट न घालायच्या सगळ्या सबबी मी ऐकल्यात. केस गळतात, मान दुखते, ऐकू येत नाही, हितंच तर जायचंय. म्हैस ओळखत नाही ही पहिलीच. मी म्हटलं, दाखव. त्यानं माझं हेल्मेट उचललं, डोक्यात घातलं, काच खाली ओढली आणि गोठ्यात गेला. पुढच्या क्षणाला आतून जो धडधडाट झाला! म्हैस फुरफुरत मागं सरकली, खुंटा हलवला आणि लाथेनं दुधानं भरलेली बादली उडवली. दुधाचा पाट पार बोळापर्यंत आला. सासूबाई माझ्यावरच घसरल्या, "लायसनवाली आलीस आणि घरात दूध ऱ्हाऊ दिनास!" दीर हेल्मेट काढून हसत उभा. "पटलं का आरटीओ?"

पटलं. पण मीही हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी पुढून उघडं असलेलं एक हेल्मेट घेऊन आले, त्याचं तोंड दिसावं, आवाज बाहेर यावा असं. चांगलं, आयएसआयच्या शिक्क्याचं. त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "म्हशीला एवढं शिकवलंस, हे शिकवता येत नाही होय?" हे मात्र त्याला लागलं. म्हशीला काही शिकवता येत नाही असं त्याला म्हणणं म्हणजे पैलवानाला उठाबशा येत नाहीत म्हणण्यासारखं. म्हणाला, "बघाच आता."

त्यानं ते हेल्मेट आधी नुसतंच गव्हाणीवर टांगलं. तिनं हुंगावं, चाटावं म्हणून. मग धारेला बसताना मांडीवर घेऊन बसायला लागला. आणि एके दिवशी बघते तर काय, हेल्मेट उलटं धरलेलं, त्यात भिजवलेली पेंड भरलेली, आणि म्हैस त्यात तोंड खुपसून जेवतेय! माझा जीव गेला. "अरे मेल्या, शिक्क्याचं हेल्मेट आहे ते, घमेलं नव्हे!" तर तो शांतपणे म्हणतो, "खाऊ दे की वहिनी. तिच्या पोटातनं गेल्याबिगर तिच्या डोक्यात जायाचं न्हाय."

सगळ्या गल्लीला विषय मिळाला. येणारा-जाणारा गोठ्यात डोकावून विचारायचा, "काय पावणं, म्हशीला लायसन कवा काढताय?" माझा नवराही त्या हसण्यात सामील. त्याला तो सगळा पोरखेळ वाटायचा. "बायकांच्या नादानं म्हशीला टोपलं दाखवतंय बघा आमचं येडं," असं कट्ट्यावर सांगायचा. पण सांगताना तोंडभरून हसायचा, कारण धाकट्याचं त्याला कौतुकच होतं.

आणि एका सकाळी मी कामावर निघायच्या घाईत असताना बोळातून आरडाओरडा ऐकू आला. "वहिनी! आली! आली की मागनं!" मी पोळी तव्यावर टाकून बाहेर पळाले. दीर गाडीवर, डोक्यात ते पेंडीचे डाग पडलेलं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला, आणि मागं म्हैस, अंगावर नदीचं पाणी, कान ताठ. घरापर्यंत आली आणि त्याच्या पाठीला तोंड घासत उभी राहिली. मी तिथं रस्त्यात टाळ्या पिटल्या. पोळीचा कोळसा झाला. माझ्या वर्गातून एवढे लोक पास झाले, पण तसा आनंद मला कुठल्या निकालाचा झाला नाही.

त्यानंतर त्यानं हेल्मेट सोडलं नाही. नदीवर जाताना, पेंड आणायला जाताना, अगदी कोपऱ्यावर जातानाही. पुंगळीही पाडव्यापुरतीच काढीन असं त्यानं मला कबूल केलं. गल्लीतले दोघे दूधवाले त्याचं बघून हेल्मेट घालायला लागले. मी ही गोष्ट वर्गात सांगायची. म्हशीला जमतं, तुम्हाला का जमत नाही, असं विचारलं की लोक हसायचे, पण लक्षातही ठेवायचे.

आता नवऱ्याबद्दल. माझ्या नवऱ्याच्या हातात एक कला आहे, म्हणजे होती. फेटा. कोल्हापुरात फेटा बांधणारे खूप, पण याच्यासारखा नाही. लग्नसराईत पार जयसिंगपूरहून माणसं न्यायला यायची. समोरच्याला खुर्चीत बसवायचा, कापडाचं टोक त्याच्या दातांत द्यायचा, आणि हात असे चालायचे की बघत राहावं. त्याची एकच फुशारकी होती, "माझा फेटा वरातीत नाचला तरी सुटणार न्हाय." आणि खरंच सुटायचा नाही. पाडव्याला तर गल्लीतल्या सगळ्या म्हशीवाल्यांचे फेटे तोच बांधायचा. आमच्या कट्ट्यासमोर रांग लागायची.

त्या पाडव्यालाही रांग होती. म्हैस नटून उभी होती, शिंगांना मोरपिसं. दीर नवीन शर्ट घालून, हातात हेल्मेट घेऊन बाहेर आला. रांगेतले सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "आज तरी ते पेंडीचं घमेलं ठेव की लेका!" नवऱ्याला ते झोंबलं. आपण गल्लीचे फेटे बांधायचे आणि आपला भाऊ सणाला हेल्मेटात, हे त्याला बघवेना. त्यानं दिराला हाताला धरून खुर्चीत बसवलं. दीर म्हणाला, "दादा, तिला आता ह्याची सवय हाय." नवरा म्हणाला, "तिला तुझी सवय हाय. आणि फेट्यात कापड काय थोडं असतंय? तुझ्या टोपल्यापेक्षा जाड बसतंय." मी दारातच होते. म्हटलं, "अहो, कापडानं डोकं वाचत नाही. त्याला घालू दे." तर सासूबाई मागून म्हणाल्या, "सणासुदीला कटकट नगं." मी तरीही बोलले. मोठ्यानं बोलले. वर्गात बोलते तशी. नवऱ्यानं दिराच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "हे धर. रोजचं तुझं चालतंय न्हवं? आजचा दिवस माझा." दिरानं माझ्याकडं बघून डोळा मारला, म्हणजे जाऊ दे वहिनी, आजच्या दिवस. आणि फेट्याचं टोक दातांत धरलं.

म्हैस झकास पळाली. खोटं सांगत नाही, त्या दिवशी आमच्यासारखी कुणाचीच पळाली नाही. गर्दीत लोक ओरडत होते, नवरा सगळ्यांत पुढं. काही झालं नाही. धावताना काहीच झालं नाही. झालं ते परत येताना. गर्दी मागं राहिली होती, गाडी माणसाच्या चालीनं येत होती, म्हैस मागून डुलत येत होती, आम्ही सगळे मागून गप्पा मारत. घर दिसत होतं. तेवढ्यात डाव्या अंगाच्या एकेरी रस्त्यातून उलटा एक स्कूटरवाला आला. पायाजवळ भलाथोरला आकाशकंदील उभा धरलेला, त्यामुळं त्याला समोरचं दिसत नव्हतं. वळसा घालायचा कंटाळा, दुसरं काय! दीर नेमका मागं वळून म्हशीला हाक मारत होता. स्कूटर त्याच्या पुढच्या चाकाला नुसती लागली. गाडी आडवी झाली आणि दिराचं डोकं फुटपाथच्या दगडी कडेवर आपटलं. मी तो आवाज ऐकला. फेटा पहिल्याच हिसक्याला सुटून बाजूला जाऊन पडला होता.

हेल्मेट माझ्या काखेत होतं.

स्कूटरवाल्याचं कोपर खरचटलं होतं. तो बिचारा दवाखान्यात आला, रडला, पाया पडला. मी त्याला काय बोलणार? दिराच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. कितीतरी दिवस तो नुसता पडून होता, नळ्या लावलेल्या. नवरा दवाखान्याच्या जिन्यात बसून असायचा. मला वाटायचं, बोलावं, ओरडावं, काय केलंत हे म्हणून धरून हलवावं. त्याचं तोंड बघितलं की मी जिन्यातूनच परत फिरायची. मरणाचा राग आला होता आणि तेवढीच कीव.

दीर शुद्धीवर आला तेव्हा पहिलं विचारलं, "म्हैस घरला आली का?" आम्ही सगळे रडत हसलो. उजवा हात चालत नव्हता, पाय ओढत होता, एकेक शब्द जुळवून बोलायला वेळ लागत होता, पण माणूस वाचला होता. पाडव्याचा दिवस मात्र त्याच्या डोक्यातून पुसून गेला होता, सकाळच्या अंघोळीपासून सगळा. त्यानं सासूबाईंना विचारलं, "हेल्मेट हुतं म्हणून वाचलो न्हवं?" सासूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. आणि म्हणाल्या, "व्हय बाळा." डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याला त्रास होईल असं काही बोलू नका. आम्ही कुणीच बोललो नाही. रांगेतल्या म्हशीवाल्यांनाही सासूबाईंनी हात जोडून गप्प राहायला सांगितलं. घरी आल्यावर त्यानं हेल्मेट मागितलं, तर सासूबाईंनी सांगितलं, पोलिसांनी नेलं. ते त्यांनी आधीच कडब्याच्या माळ्यावर सारून ठेवलं होतं.

एका आईनं दोन्ही पोरं वाचवायला बघितलं, एवढंच. पण त्याचं पुढं काय झालं ते ऐका. सुरुवातीला दीर कट्ट्यावर बसून येणाऱ्याला सांगायचा, हेल्मेटनं वाचलो. मग दिवस गेले, हात काही परत आला नाही. धार काढता येईना, गाडी तर लांबच. म्हैस त्याला बघून हंबरायची, तो तिच्या पाठीवरून डाव्या हातानं खरारा करायचा आणि दमून बसायचा. आणि हळूहळू त्याचं बोलणं फिरलं. "हेल्मेट घालून तरी काय उपेग झाला? माझ्याकडं बघा की," असं म्हणायला लागला. पट्टा लावलेला, शिक्क्याचं, वहिनीनं आणलेलं, आणि तरी ही गत! लोक मान डोलवायचे. खुद्द भोगलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

ज्या माणसानं म्हशीला हेल्मेट शिकवलं, तो आता गल्लीला हेल्मेट सोडायला शिकवत होता, आणि तेही मनापासून. मी आत पोळ्या लाटत ते ऐकायची आणि लाटणं आपटायची. नवरा ऐकायचा आणि उठून गोठ्यात जायचा. फेटा बांधणं त्यानं बंदच केलं होतं. लग्नघरची माणसं आली की सांगायचा, "हात दुखतोय."

मग एके दिवशी माझ्या वर्गात गल्लीतला तो दूधवाला आला, आधी दिराचं बघून हेल्मेट घालायला लागलेल्या दोघांपैकी एक. त्याला चारचाकीचं लायसन काढायचं होतं. पाडव्याला तो सासुरवाडीला गेलेला, त्यामुळं त्यानं डोळ्यांनी काही बघितलं नव्हतं. मोटरसायकलवरून आला, डोकं बोडकं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "हेल्मेट कुठाय?" तर म्हणतो, "सोडलं वो मॅडम. तुमच्या दिरालाच विचारा की. त्येनं घातलंच हुतं न्हवं? काय झालं?" अख्खा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. माझ्या जिभेवर खरं होतं. पण ते खरं माझं एकटीचं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि तास सोडून दिला.

घरी येऊन मी नवऱ्याला गोठ्यात गाठलं. म्हटलं, "त्या दूधवाल्याला बायको आहे, दोन लेकरं आहेत. उद्या तो पडला तर? तुम्ही सांगता का मी सांगू?" तो म्हशीच्या आडून शेण ओढत राहिला. मग म्हणाला, "माझ्या तोंडानं सांगतो. तू नगं." मी म्हटलं, कधी? तर म्हणे, "जरा धीर धर." मी धरला. त्या दिवसांत तो नीट जेवायचाही नाही.

शेवटी एका दुपारी तो माळ्यावर चढला. कडब्यातून ते हेल्मेट काढलं, धोतराच्या फडक्यानं पुसलं आणि कट्ट्यावर दिराच्या पुढ्यात ठेवलं. सासूबाई आतून "आरं, आरं" करत आल्या. त्यानं हातानंच त्यांना थांबवलं. दिरानं हेल्मेट डाव्या हातानं मांडीवर घेतलं. फिरवून फिरवून बघितलं. आतल्या अस्तराला हुंगलं.

"ह्येला तर वरखडाबी न्हाय," तो म्हणाला.

मग ते उलटं करून पट्टा ओढून बघितला.

"मग डोक्याला काय हुतं माझ्या?"

"फेटा," नवरा म्हणाला. "मी बांधला. तू हे घालून आलतास. मी तुझ्या हातातनं काढून घेतलं." एवढं बोलून तो खाली बघत उभा राहिला, मार खायला उभा राहावं तसा.

दिरानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडेल, हेल्मेट फेकून मारेल. मारावं असंही मला वाटलं. पण त्यानं विचारलं ते अगदी साधं. त्याला खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"तुझा फेटा सुटला कसा दादा?"

 नवरा तसाच आत निघून गेला.

नंतरचे काही दिवस घरात भांड्यांचाच आवाज. दीर दादाशी बोलेना. जेवायला बसला की पाठ फिरवून बसायचा. सासूबाई मला म्हणाल्या, "झालं तुझं समाधान? भरलं घर फोडलंस." मला काय समाधान व्हायचं होतं? मला माझा दीर पाहिजे होता, पूर्वीचा, गोठ्यातून 'आरटीओ' म्हणून ओरडणारा. तो काही कुठल्या खऱ्यानं परत येणार नव्हता. एखाद्या वेळी वाटायचं, राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि मग रस्त्यानं जाताना बोडक्या डोक्याचा तो दूधवाला दिसायचा.

तोच परवा आमच्या कट्ट्यावर टेकला. संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईकं दूध घेऊन गेलेली. मी आत होते. नवरा बोळात किटल्या धुवत होता, दिराला दिसत नव्हता. दूधवाल्यानं नेहमीसारखं सहज विचारलं, "काय मग, आरटीओबाई मला हेल्मेट घाल म्हणत्यात. तू काय म्हणतोस?"

"घाल," दीर म्हणाला.

"आं? आजवर तर सांगत हुतास, उपेग न्हाय म्हणून."

दीर थांबत थांबत बोलला. उजव्या बाजूनं त्याचे ओठ अजून नीट हलत नाहीत. "मी घातलंच न्हवतं त्या दिवशी. खोटं सांगत हुतो."

"आरं तिच्या! का न्हाय घातलंस?"

बोळातला पाण्याचा आवाज थांबला. मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. आता येणार नाव, असं मला वाटलं. यावं की येऊ नये, ते मला आजही सांगता येणार नाही.

"माज," दीर म्हणाला. "दुसरं काय? मला फेट्याची हौस. वहिनी सांगत हुती, दादा सांगत हुता. दादानं तर हेल्मेट हातात आणून दिलतं. मीच ढकललं."

दूधवाला च्‌ च्‌ करत राहिला. मी बोळात बघितलं. नवरा किटली हातात धरून भिंतीला टेकून खाली बसला होता, त्याचे खांदे हलत होते, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला होता. मी त्याच्याजवळ गेले नाही. त्याला बघून मी पण दारातच खाली बसले.

बाहेर दीर एकेक शब्द जुळवत पुढं सांगतच होता, "दादाचं ऐकायला पायजे हुतं मी."

त्यानं दादाचंच तर ऐकलं होतं.